हिमदंश सौम्य असला तरी



आपल्या मंडळात नाशिक जिल्ह्यातली कुटुंबं बरीच आहेत, आणि आम्हा नाशिककरांना आमच्या थंडीचा फार अभिमान. जिल्ह्यातल्या निफाडचा पारा किती उतरला ही बातमी आम्ही एडमंटनमध्ये बसूनही आवर्जून वाचतो. डिसेंबर २०१८ मध्ये तो २ अंशांच्याही खाली गेला, पानांवरचं दव गोठलं आणि द्राक्षाचे घड वाचवायला शेतकऱ्यांनी रात्री बागांत शेकोट्या पेटवल्या. अशा गावाहून आलेल्या माणसाला वाटतं, थंडी आपल्याला नवी नाही. पण निफाडला दव गोठतं, इथं कातडी गोठते. वाऱ्यासह जाणवणारं तापमान उणे २८ च्या खाली गेलं की उघड्या त्वचेला गोठायला १० ते ३० मिनिटं पुरतात, असं कॅनडाचं हवामान खातं दर हिवाळ्यात बजावतं. बूट ओले किंवा घट्ट असतील, तर झाकलेली बोटंही सुटत नाहीत.

काही वर्षांपूर्वी बसथांब्यावर माझ्या डाव्या पायाची दोन बोटं अशीच हिमदंशात सापडली. पांढरी, मेणासारखी, बधिर. ऊब मिळाल्यावर आग झाली, सूज आली, पुढं कातडी सोलून निघाली. बोटं गेली नाहीत, म्हणून सगळ्यांनी ‘थोडक्यात निभावलं’ म्हटलं. ते खरंच होतं. पण त्यानंतरचं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

गोठताना बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू दुखावतात. वरची त्वचा काही आठवड्यांत नवी येते, आतलं नुकसान मात्र वर्षानुवर्षं राहू शकतं. थोड्या गारव्यानेही रक्तवाहिन्या आखडतात, बोटं पांढरी पडतात, मग जांभळी होतात. टोकांना बधिरपणा राहतो, मुंग्या येतात, रात्री पांघरुणात पाय गरम झाले की आग होते. काहींच्या पायांना घाम जास्त येतो. मोजा ओला झाला की बोटं आणखी गार पडतात. आणि एकदा गोठलेला भाग पुन्हा लवकर गोठतो.

याचा सर्वांत जास्त त्रास मला इथं नाही, नाशिकच्या घरी होतो. इथं घर तापवलेलं असतं. तिकडं डिसेंबरात पहाटेची फरशी बर्फासारखी, आणि घर तापवायची सोय नाही. मावशी नवलानं विचारते, “तिकडं उणे तीसमध्ये राहतेस, आणि इथं दहा अंशांत गारठलीस?” प्रश्न मायेचाच असतो. पण दिसायला पाय धड असला की दुखणं कुणाला खरं वाटत नाही, आणि मग माणूस सांगायचंच सोडून देतो. त्याचं मला फार वाईट वाटतं. सियाचिनवर १९८४ पासून आपलं सैन्य आहे. तिथून हिमदंश घेऊन परतलेल्या जवानाच्या घरी हा प्रश्न कुणी विचारत नसेल.

मावशी लगेच शेगडी पुढं सरकवते, गरम पाण्याची पिशवी आणते. पण बधिर बोटांना चटका कळत नाही, फोड आल्यावरच लक्षात येतं. ज्यांना मधुमेहामुळे आधीच पायांची जाणीव कमी आहे, त्यांनी तर या दोन्ही गोष्टी पायांपासून लांबच ठेवाव्यात. लोकरीचे सैल मोजे, ओले झाले की लगेच बदलणं, घरातही जाड तळाच्या सपाता आणि तंबाखू-सिगारेट पूर्ण बंद, एवढं तरी पाळावं. तंबाखूनं रक्तवाहिन्या आणखी आखडतात.

बोटं नुकतीच गोठली असतील तेव्हा ती चोळू नयेत. नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया मोहिमेतला शल्यवैद्य लारे याने गोठलेल्या अवयवाला बर्फ चोळण्याचा सल्ला दिला आणि तो शतकाहून अधिक काळ टिकला. पुढं अलास्कातल्या डॉ. विल्यम मिल्स यांच्या कामानं तो मोडीत निघाला. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, बोटं मऊ आणि लालसर होईपर्यंत पाय बुडवून ठेवावा; तोही पुन्हा गोठण्याची भीती नसेल तेव्हाच. मग डॉक्टरांना दाखवावं. पूर्वी गोठलेली बोटं काळीनिळी पडू लागली, जखम भरेना, तरीही दाखवावं.

संक्रांतीच्या कार्यक्रमात आपण सभागृहाच्या दाराशी बूट काढायला सांगतो. म्हणून यंदा ज्यांना नको असेल त्यांना आग्रह करू नये, आणि कारणही विचारू नये. दाराशी मोज्यांची टोपली ठेवणार आहोत. घरात नवे लोकरीचे मोजे पडून असतील तर येताना घेऊन या. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना आणि हिवाळ्यात इथं येणाऱ्या आईवडिलांना हा लेख आवर्जून वाचून दाखवा.