टॅब पुसण्याआधी



आमच्या नाशिकरोडच्या घरात एक टॅब आहे. २०२० साली टाळेबंदी आली, शाळांना कुलूप लागले आणि शिक्षण पडद्यावर आले, तेव्हा पोटाला चिमटा काढून तो घेतला. धाकटीचे आठवीचे वर्ष त्यावरच निघाले. पुढे शाळा उघडली आणि टॅब साऱ्या घराचा झाला. पुतण्याच्या लग्नाचे फोटो त्यात, जातीच्या दाखल्याचे आणि गुणपत्रिकांचे फोटो त्यात, आणि आमच्या आईने म्हटलेल्या सात ओव्याही त्यातच. आई जात्यावर दळण दळलेल्या पिढीतली. बाबासाहेबांवरच्या ओव्या तिला तोंडपाठ. नातीने एका दुपारी आजीला समोर बसवून त्या भरून घेतल्या. पुढच्याच वर्षी आई गेली.

गेल्या उन्हाळ्यात टॅब अडखळू लागला. एक बटण दाबावे आणि चहा पिऊन यावे, अशी गत. आम्ही तो महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात नेला. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, रीसेट मारावा लागेल. डेटा गेला तर चालेल ना?" आम्ही मान डोलावली. डेटा म्हणजे आमच्या आईचा आवाज, हे आमच्या ध्यानातच आले नाही. अर्ध्या तासात टॅब नव्यासारखा चालू लागला. ओव्या गेल्या. धाकटीने दोन ओव्या मनमाडच्या आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवल्या होत्या, तेवढ्याच उरल्या. पाच गेल्या त्या गेल्याच.

म्हणून हा लेखनप्रपंच. रीसेट वाईट नाही. अडखळणारा टॅब ताळ्यावर आणण्याचा आणि दुसऱ्याला देण्याआधी तो कोरा करण्याचा तोच रास्त मार्ग आहे. मात्र खरे काम ते बटण दाबण्याच्या आधीचे आहे.

रीसेटमध्ये नेमके काय होते, ते प्रथम समजून घ्यावे. टॅबच्या पोटात दोन कप्पे असतात असे समजा. एकात कंपनीने घातलेली यंत्रणा असते, दुसऱ्यात आपण भरलेले सर्व काही. रीसेट दुसरा कप्पा रिकामा करतो, पहिल्याला हात लावत नाही. अँड्रॉइड १० पासून पुढची यंत्रणा घेऊन आलेल्या टॅबमध्ये दुसरा कप्पा मुळातच सांकेतिक कुलपात असतो. रीसेट होताच त्या कुलपाची किल्ली नष्ट होते. त्यामुळे पुसलेले परत काढून देतो असे कोणी सांगितले, तरी पैसे मोजण्याआधी दहा वेळा विचार करावा.

आता बाहेर काय काढायचे ते पाहू. "फोटो आपोआप गूगलवर जातात, मग भीती कशाची?" असे पुष्कळजण म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. पण गूगल फोटोजमध्ये फोटो आणि चित्रफिती जातात, नुसता आवाज जात नाही. शिवाय गूगलची फुकटची जागा १५ जीबी. ती भरली की पुढचे फोटो चढणे थांबते, आणि आपल्याला वाटत राहते की सारे सुरक्षित आहे. तेव्हा टॅब वायरने संगणकाला जोडावा, पडद्यावर 'फाइल ट्रान्सफर' निवडावे आणि फोटो, डाउनलोड, रेकॉर्डिंग व व्हॉट्सॲप हे कप्पे उतरवून घ्यावेत. संगणक नसेल तर टॅबला जोडता येणारा पेन ड्राइव्ह चालतो. व्हॉट्सॲपचा बॅकअपही वेगळा घ्यावा. तो परत मिळण्यासाठी तोच मोबाईल नंबर आणि तेच गूगल खाते लागते.

उतरवलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. फोटो दिसतो का, आवाज ऐकू येतो का, हे स्वतः तपासावे. नुसते नाव दिसले म्हणजे आतला ऐवज आला असे नाही. प्रती दोन कराव्यात. एक आपल्या घरी, दुसरी बहिणीच्या किंवा भावाच्या घरी.

मेमरी कार्ड असेल तर ते साधे जोडले आहे की टॅबचाच भाग म्हणून, ते पाहावे. टॅबचाच भाग म्हणून जोडलेल्या कार्डाची किल्लीही टॅबमध्ये असते. टॅब पुसला की कार्ड हातात राहते, पण वाचता येत नाही. म्हणून त्यातलेही आधी उतरवावे. साधे कार्ड आणि सिम मात्र बाहेर काढून ठेवले की झाले.

दुसरी गाठ खात्याची. अँड्रॉइड ५.१ पासून चोरीविरुद्ध एक पहारा आहे. बटणे दाबून जबरदस्तीने रीसेट केलेला टॅब आधीचे गूगल खाते आणि पासवर्ड विचारतो. तो सांगता आला नाही, तर आपलाच टॅब आपल्याला आत घेत नाही. आपल्या घरांत खाते बहुधा पोरांनी कधीतरी उघडून दिलेले असते आणि पासवर्ड कोणाच्याच लक्षात नसतो. तो आधीच तपासून वहीत लिहून ठेवावा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रीसेटसाठी एक दिवस थांबावे. टॅब दुसऱ्याला द्यायचा असेल तर सेटिंग्जमधून आपले खाते आधी काढून टाकावे. आयपॅडवर 'फाइंड माय' बंद करावे, नाहीतर घेणाऱ्याच्या हाती नुसती काच पडेल.

मग प्रत्यक्ष काम. बॅटरी निम्म्याहून अधिक भरावी आणि चार्जर लावून ठेवावा. सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' किंवा 'जनरल मॅनेजमेंट'खाली 'रीसेट' सापडेल, त्यात 'फॅक्टरी डेटा रीसेट' निवडावे. आयपॅडवर 'जनरल'मध्ये शेवटी 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' आहे. सुरू झाल्यावर मध्येच बंद करू नये. पुन्हा सुरू झाल्यावर तेच खाते घालावे, आधी यंत्रणेचे अपडेट घ्यावे आणि मग लागतील तेवढीच ॲप्स परत भरावीत. सगळीच परत भरली तर दोन महिन्यांत टॅब पुन्हा रडू लागेल.

टॅब सुरूच होत नसेल, तर बिघाड पहिल्या कप्प्यात असू शकतो. तेथे यंत्रणाच नव्याने भरावी लागते. ती नेमक्या त्याच मॉडेलची हवी. दुसऱ्या मॉडेलची फाइल घातली तर टॅबची वीट होते. हे काम कंपनीच्या सेवा केंद्रातच द्यावे, आणि देताना "आतले काही वाचवता येईल का?" हा प्रश्न आपण विचारावा.

शासनाकडून मिळालेल्या टॅबबद्दल एक शब्द. नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना जेईई, नीट व सीईटीच्या तयारीसाठी टॅब दिले. कोणत्याही योजनेतून मिळालेला टॅब देणाऱ्या संस्थेला विचारल्याशिवाय पुसू नये. अभ्यासाची सोय त्यासोबतच पुसली जाण्याची भीती असते. दाखल्यांचे फोटो गेले तर मात्र घाबरू नये. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये जी प्रमाणपत्रे आपल्या खात्यात आली आहेत, ती टॅबमध्ये नसतातच, दुसऱ्या फोनवरूनही उघडता येतात.

पण आईच्या ओव्यांसाठी कोणतेही डिजिलॉकर नाही. आजोबांचा आवाज, आत्याची हकीकत, गावाकडच्या जुन्या घराचा फोटो, यांचे दाखले कोणतेही कार्यालय दुसऱ्यांदा देत नाही. येत्या रविवारी घरातला टॅब घेऊन बसा. पोरांना सोबत घ्या. त्यात असे काय आहे जे आणखी कुठेच नाही, एवढा एकच प्रश्न विचारा आणि ते आधी बाहेर काढा.

आम्ही मनमाडहून त्या दोन ओव्या परत मागवल्या. आता त्या तीन घरांत आहेत.