पाय मोजला, पायरी कोण मोजणार?



येरमाळ्याच्या एस. टी. स्थानकावर एखादी सकाळ उभे राहून पाहा. सोलापूर-धुळे महामार्ग आणि बार्शी-कळंब रस्ता येथे एकमेकांना भेटतात. धाराशिव, बीड, बार्शी, कळंब अशा चारही दिशांच्या गाड्या येथून जातात. गाडी लागते, माणसे दाराशी धावतात, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात आणि पाहता पाहता वाहक घंटी देतो. या गर्दीत कुबडीवाला माणूस कोठे असतो, याचा आपण कधी विचार केला आहे काय? तो बहुधा निघून गेलेल्या गाडीच्या धुळीत उभा असतो.

काही महिन्यांपूर्वी आपल्याच समाजातील एक भगिनी माझ्याकडे आली. लहानपणी पोलिओने तिचा डावा पाय अधू झाला. घर शेतमजुराचे. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी तिने एका सरकारी रुग्णालयात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेस तपासणारे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्या खेपेस अर्जात चूक निघाली. तिसऱ्या खेपेस तिचा पाय मोजला गेला आणि कागदावर आकडा पडला: 35 टक्के. एस. टी.ची सवलत 40 टक्क्यांपासून. कागद माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "वकीलसाहेब, पाय आणखी पाच टक्के वाळला असता तर बरे झाले असते काय?"

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. तो आपणा सर्वांनी शासनाला विचारला पाहिजे, म्हणून हा लेख.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून अंमलात आला. त्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य केले आहे. या कायद्याने अपंग व्यक्तीची जी व्याख्या केली, तिच्यात टक्केवारीचे नाव नाही. शरीराचा, मनाचा, बुद्धीचा किंवा इंद्रियांचा दीर्घकालीन दोष आणि बाहेरचा अडथळा या दोहोंच्या संयोगाने ज्याचा समाजातील बरोबरीचा सहभाग खुंटतो, तो अपंग, असा त्या व्याख्येचा आशय आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अपंगत्व अर्धे पायात आहे आणि अर्धे गाडीच्या पायरीत. मग मोजणी मात्र पायाचीच का? पायरीची उंची कोणी मोजली? स्थानकाच्या फलाटाची मोजणी कोणी केली? वाहक किती क्षण थांबतो, याची नोंद कोणत्या फॉर्मवर आहे?

चाळीस टक्क्यांची अट त्याच कायद्यात दुसरीकडे आहे. नोकरीतील व उच्च शिक्षणातील आरक्षण यांसारख्या विशेष लाभांसाठी ती घातलेली आहे. परंतु आमच्या कार्यालयांनी ती उंबरठ्यावर आणून ठेवली. चाळीसच्या आत जो आला तो अपंग. जो बाहेर राहिला तो धडधाकट! एस. टी. महामंडळ चाळीस टक्क्यांच्या अपंगास भाड्यात 75 टक्के सवलत देते आणि अपंगत्व 65 टक्क्यांच्या पुढे असेल तर त्याच्या साथीदारालाही निम्मी सवलत मिळते. ही सवलत मोलाची आहे, ती कोणी काढून घेऊ नये. पण तिच्यापुढे दोन गोष्टी ठेवून पाहा.

26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील वृद्धांना एस. टी.चा प्रवास मोफत झाला. त्यांना वयाचा एक पुरावा दाखवावा लागतो. गुडघे किती टक्के झिजले, हे त्यांना कोणी विचारीत नाही. 17 मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. त्यासाठी त्यांना कोणत्याही मंडळापुढे उभे राहावे लागत नाही. म्हणजे आमच्या या भगिनीला स्त्री म्हणून अर्धे तिकीट मिळते. अपंग म्हणून काहीच मिळत नाही. आणि मिळाले असते तरी काय झाले असते? ज्या गाडीत चढताच येत नाही, तिचे तिकीट स्वस्त झाले काय आणि महाग झाले काय! तिचे खरे दुखणे भाड्याचे नव्हे, पायरीचे आहे. शासनाने भाड्याचा हिशेब केला आणि पायरी जेथल्या तेथे ठेवली.

आता दूरचे एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत 1990 साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. ज्या शहरांत ठरलेल्या मार्गांवर सार्वजनिक बस धावते, तेथे ती बस ज्याला वापरता येत नाही त्याच्यासाठी पूरक वाहनसेवा चालविणे त्या कायद्याने बंधनकारक केले. बसच्या मार्गापासून पाऊण मैलाच्या पट्ट्यात, आदल्या दिवशी मागणी नोंदवली की वाहन मिळते आणि त्याचे भाडे साध्या बसभाड्याच्या दुपटीहून अधिक घेता येत नाही. या सेवेस पात्र कोण, हे ठरविताना तेथे विचारायचे प्रश्न असे आहेत: या माणसाला दुसऱ्याच्या मदतीवाचून बसमध्ये चढता, बसता, उतरता येते काय? त्याला वापरता येईल अशी बस त्या मार्गावर आहे काय? घरापासून थांब्यापर्यंत पोचणे त्याच्या अपंगत्वामुळे अशक्य होते काय? एखाद्याला काही प्रवास जमतात आणि काही जमत नाहीत, असे असेल तर न जमणाऱ्या प्रवासापुरता तो पात्र ठरतो. अर्ज पूर्ण झाल्यावर 21 दिवसांत निर्णय झाला नाही, तर निर्णय होईपर्यंत त्याला पात्र समजून सेवा द्यावी लागते. नकार द्यायचा तर कारणे लेखी द्यायची आणि त्यावर अपील असते.

तेथे सर्व काही सुरळीत चालते, असे मी म्हणत नाही. वाहन उशिरा येते, पात्रतेवरून वाद होतात, हे सर्व तेथेही आहे. परंतु प्रश्न विचारण्याची दिशा पाहा. तेथे विचारतात, "तुला या गाडीने जाता येते काय?" आमच्याकडे विचारतात, "तू किती टक्के मोडला आहेस?" पहिल्या प्रश्नात गाडीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असते. दुसऱ्यात फक्त माणूस.

आणि विलंबाचे काय? आमच्या 2017 च्या नियमांत दाखल्याच्या अर्जाचा निकाल एका महिन्यात लावावा, असे होते. 2024 च्या दुरुस्तीने त्या एका महिन्याचे तीन महिने झाले. तीन महिने उलटले तरी अर्जदाराला पात्र समजण्याची तरतूद नाही. उशीर शासनाचा आणि शिक्षा अर्जदाराला, हा न्याय कोणता?

केवळ टक्केवारीवर माणूस तोलणे आपल्या सर्वोच्च न्यायालयालाही मान्य नाही. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका परीक्षार्थीला लेखनिक नाकारण्यात आला होता. 11 फेब्रुवारी 2021 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की चाळीस टक्क्यांची अट विशेष लाभांपुरती आहे. वाजवी सोयीचा हक्क त्या अटीत कोंडता येत नाही. पुढे महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याला बोलण्यातील दोष चाळीस टक्क्यांहून अधिक म्हणून वैद्यकीय प्रवेशास अपात्र ठरविण्यात आले. 15 ऑक्टोबर 2024 च्या निकालात न्यायालयाने म्हटले की निव्वळ आकड्यावरून कोणाला बाद करता येणार नाही. त्याला तो अभ्यासक्रम प्रत्यक्षात झेपतो की नाही, हे मंडळाने पाहिले पाहिजे. एका ठिकाणी टक्के कमी म्हणून नकार, दुसऱ्या ठिकाणी टक्के जास्त म्हणून नकार! आणि 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेत, सुगम्यतेची काही मानके ऐच्छिक न ठेवता बंधनकारक केली पाहिजेत, असा आदेश त्याच न्यायालयाने केंद्र शासनाला दिला. कायदा पुढे गेला आहे. मागे राहिली आहे ती गाडीची पायरी.

यावर आक्षेप येतो तो बोगस दाखल्यांचा. मोजमाप सैल केले तर खोटे अपंग गाड्या भरतील, असे म्हणतात. खोटे दाखले निघतात, हे मी नाकारीत नाही. परंतु ते नोकरीसाठी आणि जागेसाठी निघतात. कोणी सोंग करून कुबडी घेऊन एस. टी.च्या दारात गाडी थांबण्याची वाट पाहील, हे संभवत नाही. खोटेपणाने लाभ घेणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा याच कायद्याच्या कलम 91 मध्ये आहे. ती वापरावी. चोराच्या भयाने घरधन्यालाच दाराबाहेर ठेवणे हा बंदोबस्त नव्हे. भाड्याच्या सवलतीला काही मर्यादा लागेल, हे मी मान्य करतो. पण वाहकाने क्षणभर थांबण्याला, पायरी खाली आणण्याला आणि हात देण्याला कोणता दाखला लागतो?

शासनाने "अपंग" शब्द टाकून "दिव्यांग" शब्द घेतला. 2022 साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. विभाग निघाला हे चांगले झाले. पण गोड नावाचा अनुभव आपल्या समाजाला जुना आहे. 1938 साली मुंबईच्या विधिमंडळात "हरिजन" हे नाव कायद्यात घालण्याचा प्रसंग आला तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी निषेध करून सभागृहाबाहेर पडले. देवाचे नाव मिळाल्याने विहीर खुली होत नाही, हे ते जाणून होते. अंगाला "दिव्य" म्हटल्याने पायरी खाली येत नाही, हे आपण जाणले पाहिजे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. आपण धम्म स्वीकारला, नवस सोडले, पूर्वजन्मीच्या पापाची कल्पना टाकून दिली. पण घरात लंगडे किंवा आंधळे मूल जन्मले तर "नशीब" म्हणून त्याला आतल्या खोलीत ठेवण्याची रीत आपण टाकली आहे काय? लग्नकार्यात, वंदनेला, सभेला त्याला आपण नेतो काय? ज्याला आपणच घराबाहेर काढीत नाही, त्याच्यासाठी एस. टी.ने थांबावे, असे कोणत्या तोंडाने म्हणणार? दाखल्यासाठी उंबरठे झिजविणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? बौद्ध झालेल्या माणसाला केंद्राच्या सवलती मिळाव्यात म्हणून 1990 पर्यंत वाट पाहावी लागली. ज्याने हे सोसले त्याने दुसऱ्याचा दाखला अडलेला मुकाट्याने पाहू नये.

म्हणून कामाच्या गोष्टी सांगतो. अर्ज केला की पोच मागून घ्या. अर्ज फेटाळला तर कारणे लेखी मागा; ती देणे मंडळावर बंधनकारक आहे. आकडा मान्य नसेल तर कलम 59 खाली अपील करा. गाडी थांबली नाही, सोय नाकारली, तर गाडीचा क्रमांक, दिवस आणि वेळ टिपून पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. ग्रामसभेत उठून विचारा की ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील अपंगांसाठी राखलेला पाच टक्के निधी कोठे गेला. त्या निधीतून तपासणीच्या दिवशी गावातील अपंगांना नेण्या-आणण्यासाठी एक वाहन ठरवावे, असा ठराव मांडा. कायद्याच्या कलम 41 मध्ये अपंगांच्या वैयक्तिक हालचालीस साहाय्य देणाऱ्या योजना आखण्याचे कर्तव्य शासनावर टाकलेले आहे. ती भीक नव्हे.

चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेस लाखो माणसे येरमाळ्यात येतात आणि त्यांच्यासाठी एस. टी. जादा गाड्या सोडते. ते योग्यच आहे. लोक आले म्हणजे वाहन दिले पाहिजे. मग जे शासन लाखोंसाठी जादा गाड्या सोडू शकते, त्याला आठवड्यातून एक दिवस, खालच्या पायरीची एक गाडी, येरमाळ्याहून रुग्णालयापर्यंत सोडता येत नाही काय? येते. ती आजवर कोणी मागितली नाही.

ती आपण मागू. आणि मागताना आपल्या घरातील तो मुलगा, ती बहीण, तो म्हातारा बाप यांना पुढच्या रांगेत बसवून मागू.