पुंगळी काढायला एक मिनिट लागतं. बसवायला कोण शिकवणार?

परवा रात्री साडेअकराला दारात पोरगं उभं. आमच्याच गल्लीतलं, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"काका, गाडी धरली. तुमची वळख असंल तर एक फोन टाका की."

गाडी म्हणजे त्याच्या आजोबांची यामाहा आरएक्स १००. आजोबा त्या गाडीवर गावाकडनं दूध आणायचे. आता नातवानं पुंगळी काढून ती रंकाळ्यावर फिरवली आणि सापडला.

मी फोन टाकला नाही. पत्रकाराची ओळख असल्या कामाला वापरायची नाही, हे एक कारण. दुसरं कारण घरातच आहे. माझी आई ७८ वर्षांची. रात्री असली गाडी गल्लीतनं गेली की ती दचकून उठून बसते, मग पहाटेपर्यंत तिला झोप नाही. गाडी धरली ते बरोबरच झालं, असं त्याला तोंडावर सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर गेलो. दंड भरला. मूळ पुंगळी बसवा आणि गाडी न्या, असं सांगण्यात आलं. तेही बरोबर.

तिथं पोरगं माझ्या कानाशी येऊन म्हणालं, "काका, बसवायची कशी? आणि ती पुंगळी आता हाय कुठं, ते पण म्हाईत न्हाई."

ही पोस्ट त्या एका वाक्यावर आहे.

पुंगळी त्यानं स्वतः काढलीच नव्हती. एका गॅरेजवाल्याला थोडे पैसे देऊन काढून घेतली होती. काढलेली तिथंच पडली आणि भंगारात गेली. म्हणजे ज्या गाडीवर एवढा जीव, तिचा शेपटाकडचा एक स्क्रू कुठं असतो हे त्याला ठाऊक नाही. त्याला आवाज पाहिजे होता, गाडी नको होती. आणि यात त्याची एकट्याची चूक आहे असं मला वाटत नाही. त्याला गाडी दाखवायला कोणी बसलंच नाही.

मला बसलं होतं. म्हणून सांगतो.

आमच्या घरी येझदी होती. मी १९ वर्षांचा असताना तिच्या दोन्ही सायलेन्सरच्या पुंगळ्या काढून कॉलेजला गेलो. संध्याकाळी वडिलांनी कोपऱ्यावरूनच आवाज ओळखला. मारलं नाही. रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरलं, पाने काढले आणि म्हणाले, "बस खाली. काढलीस न्हवं? आता सगळंच काढ."

त्या दिवशी मी पहिल्यांदा टू-स्ट्रोक इंजिन आतनं बघितलं. त्यात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात, पोर्ट म्हणतात त्यांना. पिस्टन वरखाली होताना तीच भोकं उघडतो आणि झाकतो. फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्यांत एकदा जाळ, इथं प्रत्येक फेरीला जाळ. म्हणून ही गाडी एवढ्याशा इंजिनात एवढी उडी मारते. आरएक्स १०० फक्त ९८ सीसीची. १९८५ साली आली, १९९६ ला बंद झाली, तरी अजून तिचं नाव काढलं की पोरांचे डोळे चमकतात.

पण गोम पण तिथंच आहे. जळालेला धूर बाहेर जायचं भोक आणि ताजं पेट्रोल-हवा आत यायचं भोक काही क्षण एकाच वेळी उघडं असतं. म्हणजे न जळालेलं पेट्रोलसुद्धा धुराबरोबर बाहेर पळू शकतं. त्याला थोपवतो कोण? सायलेन्सर! टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नीट बघा. मध्ये फुगीर असतो, पुढं निमुळता होतो. धुराची दाबाची लाट त्या निमुळत्या भागावर आपटून मागं फिरते आणि पळू बघणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे. अख्खा काढला की ती लाट परत येतच नाही. आवाज दुप्पट, ताकद कमी, पेट्रोल वाया. नुसती शेपटाची पुंगळी काढली तरी त्या पाइपचं गणित बिघडतं, खालच्या गिअरमधला ओढा बहुधा पडतो. पोरांना वाटतं गाडी पळाय लागली. ती पळत नसते, ओरडत असते.

वडिलांनी त्या रविवारी माझ्याकडून पुंगळ्यांवरची काजळी खरवडून घेतली. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, त्याची काजळी तिथंच साचते. गाडी दमायला लागली की निम्म्या वेळा दुखणं तेच असतं. प्लग काढून दाखवला. कॉफीसारखा तपकिरी असला तर इंजिन खुशीत. काळा आणि ओला असला तर ऑइल किंवा पेट्रोल जास्त. पांढरा पडला तर सावध, हवा जास्त होतीय, इंजिन तापतंय. पॉइंट घासायला शिकवलं. आणि दहा वेळा बजावलं, "हिच्यात ऑइल आपण मिसळायचं असतं. विसरलास तर इंजिन धरणार. धरलं की आधी क्लच दाब, बाकीचं नंतर."

मी विसरलोच. पुढं वर्षभरानं पन्हाळ्याला निघालो होतो, गडबडीत पंपावर ऑइल घालायचं राहिलं. वाघबीळच्या चढाला पिस्टन धरला आणि मागचं चाक जाम. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून आज ही पोस्ट लिहितोय. मागनं एसटी येत होती.

तो रविवार नसता तर? हा विचार मला गल्लीतल्या त्या पोराकडं बघून आला.

आता कायद्याचं बघू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तसा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मला हा कायदा चुकीचा वाटत नाही. राज्यात कित्येक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोलर फिरवला. फोटो छान येतात, मीही असल्या बातम्या दिल्यात. पण इतकी वर्षं बातम्या देऊन एक कळलं. रोलरखाली सायलेन्सर चेपतो, हौस चेपत नाही. पुढच्या आठवड्यात पोरगं नवीन पाइप घेऊन येतं.

कुणी म्हणेल, मग पाडव्याचं काय? दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलीमागं पळतात, तेव्हा सायलेन्सर काढलेलाच असतो. खरं आहे. म्हैस त्या आवाजावर, त्या मालकावर पळते. सागरमाळला ते बघताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण ज्याची म्हैस त्या गाडीमागं पळते, तो वर्षभर त्या म्हशीची धार काढतो आणि त्या गाडीची देखभालही करतो. सण झाला की सायलेन्सर जागेवर जातो. उरलेले दिवस शाळा, दवाखाने आणि माझ्या आईसारख्या म्हाताऱ्यांचे आहेत.

मुद्दा असा, की हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा या गावात स्वतः घडवला. म्हादबा मेस्त्रींचं नाव उद्यमनगरात अजून आदरानं घेतात. इथल्या फौंड्रीत ओतलेले भाग देशभरच्या गाड्यांत बसतात. लेथवर मायक्रॉनचा हिशेब करणाऱ्या माणसांच्या गावातल्या पोराला स्वतःच्या गाडीचा स्क्रू माहीत नसावा, याची मला लाज वाटली. दंडाच्या पावतीपेक्षा जास्त.

मग करायचं काय? ज्यांना गाडीशी खेळायचंच आहे, त्यांना खेळायला रीतसर जागा आणि शिकवायला माणूस द्यायचा.

मोटारसायकल ट्रायल्स नावाचा खेळ आपल्यातल्या फार कमी लोकांना माहीत असेल. त्यात वेगाला किंमत नाही. दगड, चढ, ओढा, चिखल, यातनं गाडी चालण्याच्या गतीनं काढायची, पाय न टेकता. एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त टेकला तर तीन. पडला किंवा हद्दीबाहेर गेला तर पाच. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला. या खेळात गाडी बोंबलवणारा हरतो. हळू, बारीक थ्रॉटलवर, क्लचच्या एका बोटावर सगळा खेळ. गाडीला सीट जवळजवळ नसतेच, उभं राहूनच चालवायची. मागच्या टायरात रस्त्यावरच्या गाडीसारखी २५-३० पीएसआय हवा नसते, ४-५ च असते, म्हणजे टायर दगडाला चिकटतो.

आणि या खेळात आजही बऱ्याच गाड्या टू-स्ट्रोकच असतात. सॅमी मिलर नावाच्या खेळाडूनं आधी आपली जड फोर-स्ट्रोक एरियल भाग न् भाग हलका करत घडवली, मग स्पेनच्या बुल्टाको कंपनीबरोबर हलकी २५० सीसी टू-स्ट्रोक तयार केली आणि १९६५ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल तिच्यावर जिंकली. तिथनं पुढं सगळ्या खेळाची दिशा बदलली. कारखान्याबरोबर एका माणसाच्या हातातला पानाही त्यामागं होता.

आपल्याकडच्या जुन्या राजदूत, येझदी, यामाहात असे बदल घरी करता येतात. पुढचं स्प्रॉकेट कमी दातांचं, मागचं जास्त दातांचं टाकायचं. वेग मरतो, ओढा वाढतो. फूटरेस्ट थोडे मागं घ्यायचे. अनावश्यक पत्रा काढून वजन कमी करायचं. सायलेन्सर मात्र स्वच्छ आणि जागेवर, कारण खालच्या आरपीएमला ओढा पाहिजे. अर्थात अशी गाडी रस्त्यावर आणायची नाही. टेम्पोत घालून मैदानावर न्यायची आणि तशीच परत आणायची.

माझ्या मागण्या तीनच आहेत, आणि कोट्यवधीचा निधी लागणाऱ्या नाहीत.

एक. दंड घ्याच. पण गाडी सोडताना मुलानं मूळ सायलेन्सर स्वतःच्या हातानं बसवायचा, तिथंच, अधिकाऱ्यासमोर. सोबत पालक. अर्धा तास जाईल. तो अर्धा तास रोलरपेक्षा जास्त लक्षात राहील.

दोन. कळंबा रोडच्या आयटीआयचं किंवा तंत्रनिकेतनाचं वर्कशॉप महिन्यातनं एक रविवार अशा मुलांसाठी उघडावं. उद्यमनगरातले निवृत्त मिस्त्री शिकवतील, चहावर शिकवतील. आणि हे शिक्षण नुसतं जुन्या गाडीचं नाही. फवारणीचे कितीतरी पंप, गवत कापायची यंत्रं अजून टू-स्ट्रोकच आहेत. ऑइलचं प्रमाण चुकवून ती जाळणारे शेतकरी मी दर हंगामात बघतो.

तीन. गावाबाहेर बंद पडलेल्या दगडाच्या खणी आहेत. वस्तीपासून लांबची एखादी कुंपण घालून, हेल्मेट आणि रुग्णवाहिकेची सक्ती करून वर्षातनं दोनदा ट्रायल्स भरवायला द्यावी. प्रवेशाची अट एकच: सायलेन्सर पाहिजे.

यावर एक आक्षेप येणार आणि तो खरा आहे. टू-स्ट्रोक धूर सोडते. 'जाळ अन् धूर संगटच' हे आपण गमतीनं म्हणतो, पण तो धूर फुप्फुसात जातो. प्रदूषणाचे नियम कडक झाले म्हणून या गाड्या बंद पडल्या, आणि ते योग्यच होतं. मी त्या परत रोज रस्त्यावर आणा म्हणत नाही. ज्या घरात आहेत त्या नीट ठेवा म्हणतोय. ऑइल मापात, कार्ब्युरेटर सेट, काजळी साफ असलेली गाडी कमी धूर सोडते. हेळसांड झालेली गाडी गल्ली काळी करते.

त्या पोराचं काय झालं? रविवार पेठेतल्या एका जुन्या दुकानात पुंगळी मिळाली. माझ्या अंगणात पोतं अंथरलं. वडिलांचे पाने अजून आहेत, तेच काढले. पुंगळी बसवायला त्याला वीस मिनिटं लागली, पहिल्यांदा स्क्रू आडवा गेला म्हणून. मग प्लग काढून बघितला, काळाकुट्ट. साफ केला, कार्ब्युरेटर उघडला. दुपारी किक मारली. गाडी जुन्या यामाहासारखी टिंग टिंग करत चालली.

आई आतनं बाहेर आली. "कुणाची रं ही गाडी?" म्हणाली. रोज तिला उठवणारी हीच ती गाडी, हे तिला आवाजावरनं कळलं नाही. पोरगं खाली मान घालून पाने पुसत बसलं.

तुमच्या माहितीत हात चालणारे निवृत्त मिस्त्री असतील तर कमेंटमध्ये कळवा. यादी करून वर्कशॉपसाठीचं निवेदन घेऊन जाऊ. आणि ज्यांच्या घरात अशी गाडी धूळ खात उभी आहे त्यांनी एवढंच करा. येत्या रविवारी पोराला शेजारी बसवा आणि प्लग काढून दाखवा.