कात टाकताना हात मागे घ्या

टॅरंटुला पाळणाऱ्यांच्या रील्समध्ये एक प्रकार हमखास चालतो. कोळी पाठीवर पडलेला, आठही पाय वर. मजकूर असतो, ‘मेला का?’ मग वेग वाढवलेल्या दृश्यात जुनं कवच गळतं, नवा चकचकीत प्राणी बाहेर येतो आणि खाली लाल बदामांचा पाऊस. काहींना तेवढ्यानंही भागत नाही. मध्येच एक चिमटा येतो, कवचाचा कोपरा ओढतो. मालक अभिमानानं म्हणतो, ‘थोडी मदत केली.’

ही मदत नाही. कात टाकणाऱ्या कोळ्यासमोर ज्याला हात आणि मोबाइल खिशात ठेवता येत नाही, त्यानं टॅरंटुला पाळूच नये. आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांना ते जमत नाही.

कात टाकणं म्हणजे कपडे बदलणं नव्हे. कोळ्याला हाडं नसतात, कवच हाच त्याचा सांगाडा. तो ताणून मोठा होत नाही. म्हणून आत नवा तयार करायचा आणि जुना फोडून बाहेर यायचं. त्या जुन्या कवचाबरोबर सुळ्यांचं आवरण, श्वासाच्या अवयवांचं अस्तर, अन्न शोषून घेणाऱ्या जठराचं अस्तर, सगळं निघतं. त्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायू नसतात. अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून तो पाय ताणतो आणि त्याच दाबानं जुन्या कवचाचं झाकण उघडतो. म्हणून त्या आधीच्या दिवसांत पाण्याची वाटी भरलेली असणं हे खाण्यापेक्षा महत्त्वाचं.

कोळी तुम्हाला आधी सांगतोही. तो खाणं सोडतो, कधी काही आठवडे, कधी महिने. पोटाचा रंग गडद होतो. मग तो रेशमाची चटई विणतो आणि तिच्यावर उलटा होतो. नवख्याची छाती इथं धडधडते. पण मेलेला टॅरंटुला बहुतेक वेळा पोटावरच असतो, पाय खाली मुडपलेले. पाठीवर असलेला कोळी कामात आहे.

मग मालकाचं काम काय? पेटीत सोडलेला जिवंत रातकिडा आधीच बाहेर काढायचा, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला तो कुरतडून मारू शकतो. पेटी हलवायची नाही. उजेड मारायचा नाही, फुंकर नाही, अंगावर पाणी नाही, उताणा आहे म्हणून सरळ करायचं नाही. बाहेर आल्यावर सुळे पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. ते काळे होईपर्यंत खायला नाही. मोठ्या कोळ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. पाहिलंत? जवळजवळ सगळ्या सूचना ‘नाही’च्या आहेत.

आपली अडचण नेमकी इथं आहे. काळजी म्हणजे काहीतरी करणं, असं आपल्या हाडीमाशी भिनलंय. आजाऱ्याभोवती गर्दी करायची, बाळंतिणीच्या खोलीत दहा जणांनी डोकवायचं, झोपलेल्याला उठवून ‘बरं वाटतं का?’ विचारायचं. गप्प बसणारा माणूस आपल्याला निष्ठुर वाटतो.

मी तेरखेड्याचा. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातलं हे गाव फटाक्यांसाठी ओळखलं जातं. स्फोटांच्या बातम्याही इथूनच जातात. शोभेच्या दारूच्या कामाचे नियम बघा: लोखंडी हत्यार नको, घासाघीस नको, नायलॉनचे कपडे नकोत, मोबाइल आत नको, एका खोलीत गर्दी नको. हात आवरणं हे या कामात कसब आहे. त्याला कुणी आळस म्हणत नाही, कारण हात न आवरल्याची किंमत इथं सगळ्यांना माहीत आहे. कोळ्याच्या बाबतीत ती किंमत एकटा कोळी मोजतो, म्हणून आपण सैल सुटतो.

मागच्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला तो डबा घेऊनच. लाल गुडघ्यांचा मेक्सिकन टॅरंटुला, मादी. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी ती उताणी झाली. बहीण म्हणाली, “मेलं रं ते, टाकून ये.” शेजारची पोरं म्हणाली, “सरळ करा की त्याला.” भाच्यानं बॅगेतून रिंग लाइट काढला.

मी खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेर खुर्ची टाकून बसलो. टॅरंटुलाला नीटसं दिसत नाही, पण अंगावरच्या केसांनी त्याला जमिनीची थरथर कळते. म्हणून अंगणातले सुतळी बॉम्बही लांबच्या मैदानाकडं पाठवले.

“मामा, एकदाच घेऊ द्या. वर्षातनं एकदा होतं हे.”

“म्हणूनच,” म्हटलं.

रात्री ती नव्या कवचात सरळ उभी होती. व्हिडिओ नव्हता. तिला त्याची गरजही नव्हती.

मग मी दुसरा प्रश्न विचारला, “कागद कुठंय?” उत्तर आलं, “ग्रुपवर घेतली. कुरिअरनं आली.”

हौशी लोकांचा एक युक्तिवाद मला मान्य आहे. पाळल्यानं भीती जाते, कोळी दिसला की चप्पल उगारणारा हात थांबतो. बंदिवासात पैदास झालेला प्राणी घेतला तर जंगलावरचा ताण कमी होतो, हेही खरं. पण कागद नसेल तर तुमचा कोळी पेटीत जन्मला की जंगलातून उपसला, हे तुम्ही कशावरून सांगणार? विकणाऱ्याच्या इमोजीवरून?

जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेलं एक टपाल पार्सल उघडलं. आत चंदेरी कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ छोट्या कुप्या, प्रत्येकीत एक जिवंत कोळी. ते परत पोलंडला पाठवायचं ठरलं. आता उलट बाजू बघा. आंध्र प्रदेशातल्या गुत्तीच्या नावानं जगभर ओळखला जाणारा निळा टॅरंटुला पोकॉकनं १८९९ साली शास्त्राला सांगितला. त्याचं उरलेलं जंगल १०० चौरस किलोमीटरहूनही कमी, आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. युरोप-अमेरिकेच्या पेट्यांत मात्र तो सहज सापडतो. आपला कोळी त्यांच्या काचेत, मेक्सिकोचा आपल्या काचेत, आणि दोघांची जंगलं विरळ. या देवाणघेवाणीला प्राणिप्रेम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कायदाही आता गप्प नाही. लाल गुडघ्यांचा कोळी ज्या ब्रॅकिपेल्मा गटात येतो, तो सगळा गट आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटीस’ कराराच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी नोंद करायची, असं ठरलं. २०२४ मध्ये त्याचे नियम आले. नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर होते. रील टाकायला पोर्टल लागत नाही, म्हणून रील आधी येतं.

भाच्याला म्हटलंय, वनखात्याकडं जा. तो घाबरतोय. प्राणी काढून घेतील, केस होईल. भीती खरी आहे, पण तिच्यावरचा दुसरा उपाय, ‘शेतात सोडून देऊ’, हा सगळ्यात वाईट. मेक्सिकोचा प्राणी मराठवाड्याच्या रानात सोडणं ही सुटका नव्हे. तो मरेल, किंवा जगलाच तर इथल्यांना त्रास देईल.

आणि ही मादी वीस वर्षांहून जास्त जगू शकते. तुमची डिग्री, नोकरी, भाड्याच्या चार खोल्या, लग्न, सगळं तिच्या एका आयुष्यात मावतं. तेवढ्या वर्षांत ती कितीदा तरी कात टाकेल आणि दरवेळी तुमच्याकडून एकच मागेल: बाजूला व्हा.

म्हणून विकत घेण्याआधी स्वतःची एक परीक्षा घ्या. दिवसभर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, कुणालाही न सांगता, काहीही न करता बंद दाराबाहेर बसा. जमलं तर कागद मागा, मग पैसे द्या. नाही जमलं तर पावसाळ्यात सह्याद्रीत जा. तिथं झाडांच्या ढोलीत आपले टॅरंटुला राहतात. दिसले तर लांबून बघा, ढोलीत काडी घालू नका आणि रिकाम्या हातानं परत या.