मी फक्त भात सोडलेला नाही



गेल्या जानेवारीत माझे वजन ११२ किलो होते. आज ते ७९ आहे. भेटेल तो विचारतो, "काय केलंस गं?" आणि इतके महिने मी सगळ्यांना एकच सांगत आले: रात्रीचा भात सोडला, रोज तासभर चालते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण जानेवारीतच इथे ओंटारिओमध्ये माझी गॅस्ट्रिक बायपासची शस्त्रक्रिया झाली, हे नवरा आणि मुलगा सोडून कुणाला माहीत नव्हते.

आमच्या मंडळात तिशीची एक मुलगी आहे. १ मेच्या कार्यक्रमात तिने मला कोपऱ्यात गाठले आणि अगदी वहीत टिपून घ्यावे तसे सगळे विचारून घेतले. मीही सांगितले. भात, चालणे, सातनंतर काही खायचे नाही. सप्टेंबरमध्ये गणपतीत ती भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, चार महिने केलं. तीन किलो गेले आणि परत आले. माझ्यात तुमच्यासारखी जिद्द नाही हो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. एखाद्या विद्यार्थ्याने शोधनिबंधात 'पद्धती' हा भाग गाळून नुसते निष्कर्ष छापले तर मी त्याला दारात उभा करणार नाही. आणि मी स्वतः काय केले? आपण सगळे बुवाबाजीवर तावातावाने बोलतो, चूर्ण विकणाऱ्यांची टर उडवतो. कारण लपवून परिणाम तेवढा दाखवणे, ही तर त्यांचीच युक्ती!

मी का लपवले, हे प्रामाणिकपणे सांगते. "शॉर्टकट मारला" हे ऐकायची भीती. आपल्या समाजात लठ्ठपणा हा आजार नसतो, आळस असतो. आणि बाईचा असेल तर घराण्याची अब्रूसुद्धा. कॅनडातील डॉक्टरांच्या संघटनेने, कॅनेडियन मेडिकल असोसिएशनने, २०१५ साली लठ्ठपणाला दीर्घकालीन आजार म्हणून मान्यता दिली, हे मला तोंडपाठ होते. पाठ असणे वेगळे, पटणे वेगळे.

आकडे बघा. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे ४,००० लठ्ठ व्यक्तींचा अभ्यास झाला. निम्म्यांची शस्त्रक्रिया, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि सल्ले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या गटाचे सरासरी वजन १५ वर्षांत दोन टक्क्यांच्या आतबाहेर हलले नाही. शस्त्रक्रियेच्या गटात मृत्यूही कमी झाले. त्या दुसऱ्या गटातील दोन हजार माणसांकडे जिद्द नव्हती, असे म्हणायचे का?

आणि हा नुसते 'पोट लहान करण्याचा' प्रकार नाही. जठराच्या वरच्या टोकाशी अंड्याएवढी पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. त्यामुळे आतड्यातून येणारे संकेतच बदलतात. जेवणानंतर जीएलपी-१ हे संप्रेरक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त स्रवते (आपल्या टोरांटोचे डॅनिएल ड्रकर ज्यावर अनेक दशके काम करीत आहेत, तेच, ओझेम्पिकसारखी औषधे त्याचीच नक्कल करतात). माझ्या मधुमेहाच्या गोळ्या वजन उतरण्याआधीच, रुग्णालयातून घरी येतानाच, बंद झाल्या.

आता 'शॉर्टकट'विषयी. पहिले काही आठवडे फक्त पातळ, मग मऊ. आजही वाटीभर वरण संपवायला अर्धा तास लागतो. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. शाकाहारी माणसाने इतक्या लहान घासांतून दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने कशी गाठायची, हे गणित रोज पहाटे सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठमूठ केस गळले. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे सगळे जन्मभर. शस्त्रक्रियेचा खर्च ओहिपने केला. या गोळ्यांचा खर्च मात्र आपलाच. गुडघा दुखला तरी आयबुप्रोफेन घ्यायची सोय नाही, अल्सरचा धोका असतो. आणि भूक कमी झाली तरी मन भरत नाही. संध्याकाळी कामावरून थकून आल्यावर चिवड्याच्या डब्याशी जे नाते होते, ते कोणत्याही सर्जनला कापता येत नाही. समुपदेशक बाईंकडे मी अजून जाते.

त्याच गणपतीत आग्रहाला बळी पडून दोन चमचे श्रीखंड खाल्ले. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम आला, आणि भाड्याने घेतलेल्या शाळेच्या एका रिकाम्या वर्गात मी बाकावर आडवी झाले. इतकी साखर एकदम आतड्यात उतरली की असे होते. नवरा बाहेर सगळ्यांना सांगत होता, "ॲसिडिटी आहे."

काही जण म्हणतील, आपला वैद्यकीय इतिहास खाजगी असतो. अगदी मान्य. "ते मला सांगायचे नाही" असे म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण खोटी कृती हातात ठेवण्याचा हक्क नाही, असे माझे मत झाले आहे. नितीन गडकरी २०११ साली भाजपचे अध्यक्ष होते, तेव्हा मुंबईत त्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती बातमी सगळ्यांना कळली. त्यांच्या राजकारणाशी माझे पटत नाही. पण राजकारणी माणसाला जे झाकावेसे वाटले नाही, ते मी प्रयोगशाळेतली बाई झाकत बसले, याची लाज वाटते.

ऑक्टोबरमध्ये मी त्या मुलीला कॉफीला बोलावले आणि सगळे सांगितले. पोटावरचे पाच छोटे व्रणही गाडीत बसून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, चार महिने मी घरी सगळ्यांसाठी भात लावत होते आणि खात नव्हते." मी माफी मागितली. ती उतरून गेली.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. फॅमिली डॉक्टरकडे गेली होती. आधी मधुमेहाच्या तपासण्या, मग आहारतज्ज्ञ, शस्त्रक्रियेचे नंतर बघू म्हणाले. तिला विचारायचे होते की पहिल्या भेटीला कोणते प्रश्न लिहून न्यावेत. या वेळी मी माझी फाईलच काढून बसले.