व्हॉइड डेकवरून : सिंगापूरचा पाहुणा

मंडळी, 'आम्ही यिशुनला राहतो' असं सांगितलं की सिंगापुरातला माणूस आधी हसतो. काही विचित्र घडलं तर ते यिशुनलाच, असा इथल्या लोकांचा ठाम समज! लिम नी सून (१८७९–१९३६) हे रबर आणि अननसाचे मोठे व्यापारी. त्यांच्या नावाचं मँडरिन रूप म्हणजे यिशुन. बिचाऱ्यांना कल्पनाही नसेल, की आपल्या नावावर पुढे इतके विनोद होतील.

गेल्या तिमाहीत मात्र आमच्या घरात कुणी हसत नव्हतं. आमच्या चिरंजीवांना त्यांच्या क्लबानं संघातून वगळलं. पोरगा घरी आला तो गप्पच. बूट दाराबाहेरच्या रॅकवर न ठेवता थेट स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या चुटपाशी नेऊन टाकले. सौ.नी ते गुपचूप उचलून आणले. आणि आम्ही काय केलं? आम्ही म्हणालो, "बरं झालं! आता अभ्यासाकडे लक्ष लागेल."

चार दिवस पोरगा आमच्याशी बोलला नाही. सौ. बोलल्या, पण त्या काय बोलल्या ते इथे छापण्याजोगं नाही.

पाचव्या दिवशी खाली कॉपीटियममध्ये आमच्या मजल्यावरचे मलय शेजारी भेटले. आम्ही त्यांना 'पाकचिक', म्हणजे काकाच म्हणतो. तेह तारिक घेताघेता मनातलं सांगून टाकलं. ते म्हणाले, "आपल्या सिंगापुरात खेळून गेलेला ग्रँट होल्ट माहीत आहे का?" आम्ही क्रिकेटवाले, आम्हाला कुठला माहीत असायला! घरी येऊन शोधाशोध केली, आणि बसल्या जागी दोन तास गेले.

१९९६ साली सिंगापुरात एस-लीग सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ संघांत एक होता सेंबावांग रेंजर्स. त्याचं घरचं मैदान आपलं यिशुनचं स्टेडियम. २००१ साली याच लीगमध्ये वीस वर्षांचा एक इंग्रज पोरगा आला. कार्लाइल गावचा. इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्स टाउन या खालच्या विभागातल्या क्लबाकडे होता, पण तिथे जम बसला नाही. मग ऑस्ट्रेलियात सोरेंटो आणि आपलं सिंगापूर. इथेही थोडकेच दिवस. परत गेला तो बॅरो या आणखी खालच्या क्लबाकडे. टायरचं काम करून पोट भरणारा हा खेळाडू. पुढे शेफील्ड वेन्सडे, रॉचडेल, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, श्रूजबरी. कधी एक पायरी वर, कधी एक खाली.

२००९ साली नॉरिच सिटीनं त्याला घेतलं. हा क्लब तेव्हा तिसऱ्या विभागात घसरलेला. मोसमाचा पहिलाच सामना, तोही घरच्या मैदानावर, आणि कोलचेस्टरकडून ७–१ अशी हार! दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आमचं नशीबच असलं. पण त्याच मोसमात होल्टनं सगळ्या स्पर्धा मिळून ३० गोल केले आणि नॉरिच वर चढलं. पुढच्या वर्षी पुन्हा वर, थेट प्रीमियर लीगमध्ये. २०११-१२ च्या मोसमात, वयाच्या तिशीत, या गड्यानं प्रीमियर लीगमध्ये १५ गोल केले. नॉरिचच्या चाहत्यांनी त्याला सलग तीन वर्षं वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडलं. इंग्लंडच्या संघात घ्या, अशी ओरडही झाली. बोलावणं काही आलं नाही.

आम्ही लगेच पोराच्या खोलीत गेलो आणि हे सगळं ऐकवलं. वाटलं, आता गडी उठून बसेल. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, त्याच्याबरोबर त्या संघात बाकीचे पण होते ना? त्यांचं काय झालं?"

आमची बोलती बंद. खरंच की! आपला सेंबावांग रेंजर्स क्लबसुद्धा २००३ नंतर लीगमधून गेला. ज्यांची नावं कुणी शोधत नाही अशी कितीतरी पोरं त्या लीगमध्ये घाम गाळून गेली असतील. होल्टच्या गोष्टीवरून 'चिकाटी धरा, यश मिळेल' असा बोध काढणं म्हणजे लॉटरी लागलेल्याला गुंतवणुकीचा सल्ला विचारण्यासारखं आहे.

मग त्या रात्री पहिल्यांदाच आम्ही उपदेश न करता बसलो. बारावीचा निकाल, पुढची दोन वर्षांची नॅशनल सर्व्हिस, मग कॉलेज. यात फुटबॉल कुठे बसवायचा, हा त्याचा प्रश्न. आम्ही त्याला आमची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा सिंगापूरला आलो ते दोन वर्षांच्या करारावर. तो वाढवला नाही तर परत, हे माहीत असून आलो. खोलीत तिघं, रोज रात्री खिचडी. तेव्हा आमच्या वडिलांनी 'बरं झालं' असं म्हटलं नव्हतं. स्टेशनवर येऊन फक्त म्हणाले होते, "जाऊन तर बघ."

होल्ट सिंगापूरला आला तेव्हा त्यालाही पुढचं काही ठाऊक नव्हतं. जिथे खेळायला मिळेल तिथे तो गेला, एवढंच. त्याच्या १५ गोलांपेक्षा आम्हाला आता हेच जास्त मोलाचं वाटतं.

असो. चिरंजीव आता एका छोट्या क्लबात राखीव खेळाडू आहेत. परवाच्या सामन्यात शेवटची अकरा मिनिटं मिळाली. गोल नाही. आम्ही दोघं पोह्यांचा डबा घेऊन कठड्यावर बसलो होतो. घरी आल्यावर बूट कुठे ठेवले, हे आम्ही हळूच पाहिलं.

रॅकवर होते.