जप्ती कुणाच्या मोबाईलची?

ग्रामीण माध्यमिक शाळांविषयी बोलायला बसले की चर्चा हल्ली दोन वाक्यांत आटोपते : मोबाईलने मुले वाचेनाशी झाली, मोबाईल जप्त करा. बोलणारे बहुधा शिक्षक नाहीतर आमच्यासारखे प्राध्यापक असतात आणि बोलताना त्यांचा स्वतःचा मोबाईल टेबलावर थरथरत असतो. ह्या ढोंगात आपला सर्वांचाच वाटा आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ह्याच मोबाईलला आपण शाळा म्हटले. ज्या घरात तो नव्हता तिथल्या मुलाचे काय झाले, ह्या प्रश्नाने आपली झोप उडाली नाही. आज तोच मोबाईल पाप ठरला आहे. ‘असर’च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वर्षांच्या मुलग्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी जेमतेम २० टक्क्यांकडे. तेव्हा आपल्या उपदेशाची झळ आधी कुणाला लागणार? ‘मोबाईलने बिघडला’ ही मुलाविषयीची तक्रार असते. ‘बिघडली’ हा मुलीविषयीचा निकाल असतो. त्या निकालाने तिची शाळाही सुटू शकते.

आता शिक्षकाकडे वळू. पोषण आहाराचे आकडे, माहितीचे तक्ते, कार्यक्रमांची छायाचित्रे, ‘तातडीने’ भरायची लिंक, हे सारे व्हॉट्सॲपवरून ऐन तासाला येऊन आदळते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई केली. मोबाईलने त्या कलमाला वळसा घातला. शिक्षकाला वर्गाबाहेर न नेताही आता वर्गातून उठवता येते. कविता शिकवताना मध्येच पडद्याकडे पाहणारा शिक्षक न बोलता एक धडा देऊन जातो : कविता थांबू शकते, आदेश थांबू शकत नाही. मुले हा धडा चटकन शिकतात. पुढे तीच मुले आमच्या वर्गात येतात आणि आम्ही त्यांच्या वाचनाच्या नावाने गळा काढतो.

शिस्त नको, असे मुळीच नाही. पण नियम एकच असावा : तास चालू असताना कुणाचाही फोन नाही, आणि कार्यालयाचा संदेशही नाही. त्याच दिवशी शाळेतील पुस्तकांच्या कपाटाची किल्लीही शोधावी. हे होत नाही तोवर मुलांच्या दप्तरात हात घालण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही.